दादाच्या फॉर्मवरची टिक

आमच्या दवाखान्याच्या काउंटरवर मी बावीस वर्षं बसतेय. सगळ्या फायली कॉम्प्युटरवर चढवून मोठ्या हॉस्पिटलला जोडायचं ठरलं, तेव्हा ते काम माझ्याच गळ्यात पडलं. प्रत्येक पेशंटचा एक फॉर्म. त्यावर नाव, आजार, औषधं आणि दोन चौकोन: माहिती दुसऱ्या डॉक्टरांना दिसू द्यावी, किंवा देऊ नये. टिक पेशंटने करायची, खाली सहीही त्यानेच. पण चष्मा घरी विसरून आलेल्या म्हाताऱ्यांशी कोण हुज्जत घालत बसणार? ते सही ठोकायचे, टिक मागाहून मीच मारायचे.

वर या कामाची फुकट जाहिरातही करायचे. एक निवृत्त शिक्षिका रस्त्यात चक्कर येऊन पडल्या. शुद्ध नव्हती, सोबत कोणी नव्हतं. तरी बाईंना कुठलं इंजेक्शन चालत नाही हे हॉस्पिटलवाल्यांना स्क्रीनवर दिसलं आणि बाई वाचल्या. हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला मीठमसाला लावून ऐकवायचे.

आणि माझ्या सख्ख्या भावाच्या फॉर्मवर मी ‘देऊ नये’वर टिक मारली.

दादा कवळ्या बनवतो. अर्धं गाव त्याच्या दातांनी जेवतं. तरुणपणी त्याच्या मनाचा तोल पार गेला होता, तेव्हापासून रोज लिथियमची गोळी घेतो आणि आमच्या सगळ्यांपेक्षा शहाण्यासारखा वागतो. फॉर्म पुढे केला तेव्हा त्याने हळूच विचारलं, “म्हणजे आता त्या गोळीचं चारचौघांत तोंडाने सांगायला नको ना?”

“नको रे. कॉम्प्युटर सांगेल,” मी म्हणाले. त्याने सही केली. मी दिलेला कागद तो कधीच वाचत नाही.

तेव्हा माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं, आणि होणारी विहीणबाई त्याच हॉस्पिटलात नर्स. तिने दादाची फाईल उघडली तर? मुलीच्या मामाचं डोकं फिरलेलं होतं, हे कळलं तर? दादाच्या अब्रूसाठी करतेय, असं मी मनाला समजावलं. कसली दादाची अब्रू, भीती माझीच होती.

चार महिन्यांनी मूतखड्याने दादा गडबडा लोळायला लागला. वहिनीने त्याला हॉस्पिटलात नेलं. इतर काही औषधं चालू आहेत का, असं डॉक्टरांनी विचारलं. आजूबाजूला पाच-सहा माणसं. दादा म्हणाला, “सगळं तुमच्या कॉम्प्युटरवर आहे.” वहिनीला वाटलं, असेल. तिथे त्यांच्याच हॉस्पिटलात झालेलं त्याचं जुनं अपेंडिक्सचं ऑपरेशन तेवढं होतं. डॉक्टरांनी आठवडाभराच्या वेदनाशामक गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी लिथियम अंगात साठत जातं.

सहाव्या दिवशी त्याची जीभ अडखळायला लागली आणि त्याने वहिनीला आईच्या नावाने हाक मारली. वहिनीने त्याला परत हॉस्पिटलात नेलं, मागोमाग मी धावत पोचले. विहीणबाईच ड्यूटीवर होती. तिच्यासमोर मी गोळीचं नाव, किती वर्षं, कशासाठी, सगळं एका दमात सांगून टाकलं. तिने भराभर लिहून घेतलं. “हे आधी कळलं असतं तर,” एवढंच म्हणाली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. लग्न ठरल्या दिवशी झालं. मामाच्या आजाराचा कोणी चकार शब्द काढला नाही.

दादा डायलिसिसवर वाचला. पण हातांची थरथर राहिली ती राहिलीच. मेणात दात बसवायला हात स्थिर लागतो. दुकान बंद झालं.

फॉर्मवर त्यानेच नकार दिला होता, असं त्याला हॉस्पिटलात सांगितलं होतं. तो प्रत्येकाला म्हणायचा, “मीच मूर्ख, न वाचता सही केली.” वहिनी त्याला त्यावरून उठता-बसता बोलायची, आणि मी शेजारी बसून मुकाट चहा प्यायचे. इतकी निर्लज्ज मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

परवा तो काउंटरवर आला. नवा फॉर्म मागितला. वरचे रकाने मी फाईलवरून भरून दिले. “या वेळी वाचून करतो,” म्हणाला. पेन त्याच्या बोटांत ठरेना, दोनदा खाली पडलं. तिसऱ्यांदा तो वाकायला लागला तेव्हा मला राहवलं नाही.

“दादा, ती टिक मी केली होती. तू गेल्यावर.”

तो सरळ झाला. “चुकून?”

“नाही. विहीणबाई फाईल बघेल म्हणून.”

मागे रांगेत लोक होते. तो ओरडेल, फॉर्म तोंडावर फेकेल, वहिनीला सांगेल, याची मनाची तयारी मी कितीदा केली होती. त्याने फॉर्म काउंटरवर ठेवला.

“तुला माझी लाज वाटायची का गं?”

“नाही,” मी म्हणाले. बावीस वर्षं लोकांची उत्तरं लिहून घेतेय, खोटं उत्तर कसं ऐकू येतं ते मला माहीत आहे. त्यालाही ते ऐकू आलं.

त्याने फॉर्म माझ्याकडे सरकवला. “वाचून दाखव,” म्हणाला, “मोठ्याने.”

मी वाचायला लागले. मागच्या रांगेतली माणसं ऐकत होती. आजाराच्या रकान्याशी माझा आवाज खाली गेला, तसा तो म्हणाला, “मोठ्याने, ताई.”

मी त्याची धाकटी बहीण. जन्मात त्याने मला ताई म्हटलेलं नाही. काउंटरवरच्या बाईला लोक तसंच म्हणतात.