टाचण्यांसकट

ऐक ना, मधे बोलू नकोस, आधी नुसतं ऐक. आमची चिऊ पहिली कादंबरी लिहितेय ना, तिला संपादकबाईंनी चांगलंच झापलं. कागदावरची बोलणाऱ्यांची नावं अंगठ्याने झाकली आणि म्हणाल्या, "सांग, यातली सासू कुठली आणि पोस्टमन कुठला? सगळीकडून तूच बोलतेयस." चिऊचं तोंड एवढंसं झालं.

घरी आली तर आत्या शिलाई मशीनवर. चिऊला लहानपणापासून सांभाळलं ते आत्यानेच. तोंडात टाचण्या, आणि दातांतल्या दातांत मशीनशी भांडण चालू. "चल गं भवाने, का हातापाया पडू तुझ्या?" गिऱ्हाइकालाही सोडत नाही. "दंड बघ केवढा झालाय बाई, बाहीने बिचारीने सोसायचं तरी किती?"

चिऊने ते जसंच्या तसं उचललं आणि कादंबरीतल्या खाष्ट सासूच्या तोंडी घातलं. अगदी टाचण्यांसकट! संपादकबाई एकदम खूश. आता अंगठ्याची गरजच नाही म्हणाल्या, शेवटचं प्रकरण आण, छापायला घेऊ.

आणि बघ हं, आनंदाच्या भरात ही वेडी ते आत्यालाच वाचून दाखवायला बसली. आत्या आधी टाचण्या सांभाळत खुसुखुसू हसली. मग सासू सुनेला उपाशी ठेवते तिथे हसू थांबलं. तोंडातली एकेक टाचणी काढून डबीत ठेवली.

"मी अशी वाटते होय तुला?"

"अगं, फक्त बोलणं तुझं घेतलंय."

"बोलण्याशिवाय माझं आहे काय दुसरं?"

तेव्हापासून आत्या मोजूनमापून बोलते. "जेवण तयार आहे." "बाही सैल करून मिळेल." मशीन अडलं तर नुसती बघत बसते. आणि चिऊची घरभर येरझार. लिहायला बसली की सासूच्या तोंडून शब्द फुटत नाही. फुटणार कुठून, कानावर पडतंय कुठे काही? सासूचं बोलणं बदलावं तर परत तो अंगठा. ठेवावं तर आत्या कायमची अशीच.

काल मशीनचा दोरा तुटला. आत्याने तोंड उघडलं, चिऊकडे पाहिलं, मिटलं. चिऊ ताडकन उठली आणि सासूची वाक्यं खोडायला लागली.

"खोडू नकोस," आत्या म्हणाली. "चांगलं लिहिलं आहेस."

बातम्या देतात ना, तशी म्हणाली. तेवढ्यात चिऊचा फोन वाजायला लागला, संपादकबाईंचा. चिऊच्या एका हातात पेन, एका हातात फोन.

तू असतीस तर काय केलं असतंस गं?