अक्रोडाची सुपारी

रशिया : तिकोनी वाद्याला तीन तारा. आपल्या तुणतुण्याला एकच. रडतात दोन्ही सारखीच.

हंगेरी : खेळ संपला की लोक टाळ्या वाजवतात, आणि कुणी न सांगता सगळे एका ठेक्यात येतात. आपल्याकडं एका घरातले तिघं येत नाहीत.

विमान : संबळाला खिडकी मिळाली नाही.

बल्गेरिया : 'हो' म्हणायला मान आडवी हलवतात. 'बास, बास' अशी मान हलवता हलवता कडूबा एका बैठकीत तीनदा जेवला.

गारखेडा : घरच्या देव्हाऱ्यात, टाकांच्या शेजारी, दोन अक्रोड.

हे सगळं कडूबा गोंधळी चहाच्या हॉटेलात रंगवून सांगायचा. शेवटचं सोडून. सत्त्याऐंशी साली सरकारी कलापथकातून तो तीन देश हिंडून आला होता. सोबत शहरातला मुबारक ढोलकवाला होता, त्यामुळं थापा मारायची सोय नव्हती. आल्यापासून मात्र कडूबानं संबळाला हात लावला नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायचा, तिकडची हवा मानवली नाही. त्याला की संबळाला, ते सांगायचा नाही.

मग लग्नसराई आली आणि दगडाबाई आल्या. नातवाचं लग्न कालच लागलं होतं. हळद उतरायच्या आत देवीचा गोंधळ घालायचा आणि तो कडूबाच्याच घराण्यानं, हा त्यांच्या घरचा शिरस्ता. त्यांनी विड्याच्या पानावर सुपारी पुढं केली.

कडूबानं हात पाठीमागं नेले.

"घेता येत नाय, मावशी. एक अंगावर हाय."

"कुणाची?"

"लई लांबची."

मुबारक ओट्यावर बसला होता. त्याला राहवलं नाही. "मावशी, पूछो मत. बल्गेरियात आमची बस बंद पडली. एक म्हातारी आली, ह्याच्या हातावर दोन अक्रोड ठेवले. ह्यानं कपाळाला लावले. तेवढ्यात बस चालू झाली."

"मग?"

"मग काय! पथकाचे साहेब समजले, ह्यानं आभार मानले. हा समजला, गोंधळ ठरला."

"हसू नको रं," कडूबा म्हणाला. "ती आधी संबळाकडं बघत होती, मग हातावर ठेवलं. घेतलं म्हणजे घेतलं. बापानं सांगून ठेवलंय, मावशी, घेतलेली वाजवल्याबिगर दुसरी धरायची नाय. धरली तर दोन्ही खोट्या."

दगडाबाईंना यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "परत पाठव मग. गाव कोणतं?"

कडूबानं मुबारककडं पाहिलं.

"पाटी होती," मुबारक म्हणाला. "पण एक अक्षर उलटं, एक आडवं पडलेलं. कौन पढे?"

"म्हणजे ती यायची नाय, तू जायचा नाय, आन माझी नातसून जन्मभर हळद लावून बसायची व्हय?"

कडूबाचे हात अजून पाठीमागंच होते. आयुष्यात पहिल्यांदा तो दारात आलेल्या देवीच्या कामाला नाही म्हणत होता आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

दगडाबाईंनी पदर खोचला. "आमच्या मांडवात दोन पाट मांड. आधी तिचा गोंधळ, मग आमचा. देवीला मी सांगते, परगावची पाहुणी हाय म्हणून."

"और खाना?" मुबारकनं विचारलं.

"तिच्या वाटचं तू जेव."

दिवेलागणीला मांडवात दोन पाट लागले. पहिल्यावर तांदूळ, कलश आणि दोन अक्रोड. दिवटी पेटली. कडूबानं संबळ कमरेला बांधला आणि रीतीप्रमाणं एकेका गावच्या देवीला नाव घेऊन बोलावणं धाडलं. तुळजापूर झालं, माहूर झालं. आता जिचा गोंधळ, तिचं गाव घ्यायचं. तिथं तो अडला. वऱ्हाडी वाट बघू लागले. तुणतुणं नुसतंच चालू राहिलं.

"बोल की!" मुबारक मागून म्हणाला.

कडूबानं डोळे मिटले. "जिथं बस बंद पडली, त्या गावच्या आजीबाई, गोंधळाला या!"

मांडव हसला. हळदीची नातसूनसुद्धा तोंडावर हात धरून हसली. पण कडूबाच्या काठ्या सुरू झाल्या होत्या, आणि त्या नेहमीच्या वाटेनं जाईनात. तिकडच्या ढोलाची चाल होती ती : सात मात्रांची, एक पाय आखूड असल्यासारखी. लंगडत चालली, पण पडली नाही. तुणतुणेवाला दोनदा पडला. दगडाबाई मान डोलवत होत्या, आडवी की उभी, कळत नव्हतं.

वाजवून झाल्यावर कडूबानं घाम पुसला आणि दगडाबाईंपुढं दोन्ही हात पसरले.

"द्या मावशी तुमची."

बस बंद पडली तेव्हा म्हातारीनं बसमधल्या सगळ्यांनाच अक्रोड वाटले होते. मुबारकनं आपले तिथंच फोडून खाल्ले होते.