कोरफडीची कल्हई

मित्रांनो, मी एक म्हातारी कोरफड. कामरगावात, तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कथलाचा थर देणाऱ्या कल्हईवाल्या फय्याजच्या दारावर मुळे वर, पाने खाली अशी टांगलेली आहे. त्याच्या बायकोने, हाजराबीने, मला बांधावरून उपटून आणले आणि सुतळीने बांधले. घराला नजर लागू नये म्हणून आमच्याकडे असे करतात. माती नाही, पाणी नाही. तरी मी जगायचे ठरवले.

माझे बळ माझ्या सालीत आहे. तिच्यावर मेणाचा पांढुरका थर असतो. तो आतला ओलावा बाहेर जाऊ देत नाही. सालीला बारीक छिद्रे आहेत. ती मी दिवसभर मिटून घेते आणि हवा गार झाली की उघडून श्वास घेते.

१९२० सालच्या उन्हाळ्यात हाजराबी तापाने गेली. तिच्या हातचे हिरवे असे घरात मीच उरले. ही तरी जगली पाहिजे, असे फय्याज येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला पाहुणे येणार होते. फय्याजने घरातली सगळी भांडी लखलखीत केली. मग त्याला मी मळकट दिसले. त्याने मला उतरवून राखेने पान न् पान घासले. मी चमकू लागले. समाधानाने त्याने मला पुन्हा उन्हात टांगले.

थोड्याच दिवसांत माझी पाने लाल पडली, पातळ होऊन कडेने वळली. शेजारच्या सुंदरबाईने कारण विचारले. फय्याज म्हणाला, मी तर फक्त धूळ काढली.

"धूळ नव्हती ते, फय्याजभाऊ. भांडं घासून कल्हई काढली म्हणून आमाले बोलता. मंग इची काहून काढली?"

फय्याज उंबऱ्यावर बसला. माझ्या पानांकडे पाहत म्हणाला, "इले परत कल्हई करता येत नाई ना मले?"

"तुमाले नाई येत. तिले येते का पाहू."

त्याने मला सावलीत हलवले. मी हट्टाला पेटले. घासलेली पाने वाचणार नव्हती. त्यांच्यातला उरलासुरला ओलावा मी गाभ्याकडे ओढला. बाहेरची पाने एकेक करून वाळली. शेवटी मधून एक नवे पान आले, बोटाएवढे, जाड, अंगावर पांढुरका थर घेऊन.

फय्याजने हात पुढे केला. मग बोटे मिटून मागे घेतला.

मित्रांनो, तुम्हाला जो मळ वाटतो, त्याच्या आधाराने कुणीतरी उन्हाळा काढत असते. पुसण्याआधी विचारा. मला थोडी सावली द्या. बाकीचे मी बघते.