खुळखुळणारी झेंडाकाठी

साल १९८४. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एका गावच्या शाळेत तेव्हा मी झेंडाकाठी होते. आता जुनी झाले आहे. अंग ॲल्युमिनियमचे, वर जांभळे रेशमी कापड. मित्रांनो, शाळेच्या फुटबॉल सामन्यांत बँडपुढे झेंडे फिरवणाऱ्या मुलींच्या हातात मी कितीतरी हंगाम नाचले.

फिरताना तोल राहावा म्हणून माझ्या दोन्ही टोकांत वजनाला बोल्ट होते. त्यांवर रबरी टोपणे, चिकटपट्टीने बांधलेली. दर हंगामात मुली जुन्या पट्टीवरच नवी चकचकीत पट्टी गुंडाळत. जुनी कोणी सोलत नसे. आत रबर कुजत होते, ते फक्त मला ठाऊक.

त्या सप्टेंबरात मी जनीनच्या हाती आले. शुक्रवारच्या सामन्याआधी साधी फिरकी जमली नाही, तर ती रांगेबाहेर बसणार होती. रांगेची प्रमुख रोंडा तिला शिकवी.

"अंगठा खाली. काठीचं टोक खाली पाड, डाव्या हाताने धर. अगं, धर म्हटलं, कुरवाळ नाही म्हटलं."

"रोंडा, हिच्यात काहीतरी खुळखुळतंय."

"तुझे गुडघे असतील. पट्टीचा अजून एक वेढा मार आणि ताल मोज."

जनीनने वेढा मारला. "आता कशी नव्यासारखी दिसते," आमच्या शिक्षिका हॅल्डमनबाई म्हणाल्या.

जनीनला फिरकी येत नव्हती, तोवर धोका नव्हता. तिचा हात बसत गेला, तसा वेग वाढला, आणि बोल्ट आतल्या आत टोकावर आदळू लागला. माझे कापड फडफडे. त्या आवाजात तो कोणाला ऐकू येईना.

गुरुवारी दुपारी तिची फिरकी पहिल्यांदा बिनचूक झाली.

"जमलं की गं. आता जोरात," रोंडा समोर उभी राहून म्हणाली.

पुढच्याच फेरीत टोपण सुटले. बोल्ट रोंडाच्या डाव्या डोळ्यावर बसला.

शुक्रवारी रांगेत रोंडाची जागा मोकळी ठेवली होती. शेजारी जनीन, दुसरी काठी घेऊन. तिची एकही फिरकी चुकली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रोंडाला त्या डोळ्याने पुन्हा दिसले नाही. पुढे ती मुलांना पियानो शिकवू लागली. जनीनने त्यानंतर झेंडा हाती धरला नाही. लग्न होऊन ती ओहायोला गेली. हॅल्डमनबाई निवृत्त होईपर्यंत दर ऑगस्टमध्ये सगळ्या काठ्यांच्या पट्ट्या स्वतः सुरीने सोलत. मी बँडच्या खोलीतल्या कपाटात आहे, एका टोकाने उघडी.

मित्रांनो, हातातली वस्तू आवाज करू लागली, तर तिला सजवू नका. आधी उघडून पाहा.