एका खणात एक

"ताई, तुमच्या ट्रेमध्ये एकही चूक नाही," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर या नव्या मुली, डोळे असून आंधळ्या!"

थोरल्या जावेने घाईने ट्रे झाकून ठेवला. महिनाभर तिला ब्रशच्या टोकावरची अळी दिसतच नव्हती, नुसतं धुकं दिसत होतं. मोतीबिंदूच असणार. पण सांगितलं की बरण्या धुवायला बसवणार, हे तिला ठाऊक होतं. एकवीस वर्षांचं काम हातचं जाणार.

हिरवा जाळीपंखी किडा दिसायला मोठा गरीब. पोपटी पंख, सोनेरी डोळे. त्याची मादी मात्र पोरांना ओळखून असते. प्रत्येक अंडं केसाएवढ्या देठावर वेगळं टांगते, नाहीतर आधी फुटलेली अळी शेजारच्या भावंडालाच खाईल. पिकावरचा मावा फस्त करते तीही हीच अळी. म्हणून शेतात सोडायला ती या प्रयोगशाळेत वाढवतात, पण ओल्या ब्रशाने उचलून ट्रेच्या एका खणात एकच ठेवायची. दोन पडल्या तर सकाळी एक उरते.

"अगदी आपल्या घरासारखं," धाकटी जाऊ पूर्वी हसून म्हणायची. दोघी इथे समोरासमोर बसत. पुढे चूल वेगळी झाली, सासूच्या कपाटावरून नको ते बोलणं झालं आणि सहा वर्षं दोघींत शब्द नव्हता.

त्या दुपारी थोरली विसरलेला डबा घ्यायला परत आली, तर धाकटी तिच्याच ट्रेवर भिंग धरून वाकलेली. जोडीने पडलेल्या अळ्या वेगळ्या करत होती.

"कधीपासून चाललंय हे?"

"महिना झाला. तुम्ही मॅडमच्या चहात मीठ घातलंत, तेव्हाच ओळखलं मी."

"मग सांगायचं नाही?"

"बोलत होतात का तुम्ही?"

थोरलीला रडू आलं आणि त्याचा रागही आला. "मला तुझी कीव नको."

"कीव कसली, जाऊबाई? तुम्ही उठलात की त्या नव्या मुलींतली बडबडी माझ्यासमोर आणून बसवतील."

थोरली तशीच मॅडमकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. महिनाभराचं कौतुक धाकटीचं आहे, हेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती बरण्या धूत होती. जेवणाच्या सुट्टीत धाकटी डबा घेऊन मोरीपाशी आली.

"बसवली का बडबडीला?"

"बसवली. सकाळपासून डोकं खातेय."

थोरली हसली, हात पुसले आणि बाकावर सरकून जागा केली. बाक एकीपुरताच होता.