खिटीला बांधलेली तार

मित्रांनो, मी एक मोडकं इंजिन आहे. दोन ओंजळींत मावेन एवढंच, पण राग माझ्यात चांगला ट्रकभर आहे. हळहळायला आला असाल तर आल्या वाटेने परत जा. ऐकायचं असेल तर बसा.

मला एका निवृत्त टर्नरने घडवलं. कारखाना सुटला, पण त्याच्या हातांना स्वस्थता नव्हती. स्वयंपाकघरामागच्या खोलीत त्याने लहानसा लेथ मांडला. बिडाच्या तुकड्यातून माझं सिलिंडर कोरलं, दोन जड चाकं कातली, पितळेची तेलाची कुपी बसवली. एखादा भाग मनासारखा झाला नाही की तो भंगारात जायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बायको म्हणायची, "माझ्याकडे कधी इतकं निरखून पाहिलं नाहीत." तो म्हणायचा, "तू कुठे घासून गुळगुळीत होतेस?" असा हा माणूस.

माझी चालच न्यारी. एक ठोका घेतला की त्या जोरावर चाकं फिरत राहतात. वेग वाढला की एक खिटी पुढे सरकून माझी झडप उघडी धरते. मग ना इंधन, ना ठोका, नुसतं फुस्स फुस्स. चाकं मंदावली की खिटी सुटते आणि पुन्हा ठोका. हा बिघाड नव्हे, हेच माझं शहाणपण आहे.

टर्नरच्या जावयाचं मोटारींचं गॅरेज. त्याने पहिल्यांदा मला ऐकलं आणि विचारलं, "बाबा, हे मिसिंग का मारतंय? मधेच ठोके का चुकवतंय?"

"जावईबुवा, ते तुमच्या डोक्यावरून जाईल."

पुढच्या खेपेला त्याने पुन्हा विचारलं. तेव्हा उत्तर मिळालं, "तुम्ही आपली पंक्चरं काढा." शेजारी बसलेल्या लेकीने मान खाली घातली. एका वाक्यात समजावता आलं असतं, पण म्हाताऱ्याची जीभ कानशीसारखी, घासल्याशिवाय चालतच नाही.

मग छंदी कारागिरांचं प्रदर्शन ठरलं. जन्मभर दुसऱ्यांच्या नकाशाबरहुकूम काम केलेल्या त्या माणसाचं मी एकमेव स्वतःचं काम. मला चारचौघांत चालवून दाखवायचं, एवढीच त्याची इच्छा उरली होती. टेबल अडवायला तो पुढे गेला. मला न्यायचं काम जावयाकडे आलं.

वाटेत त्याने गाडी थांबवली. सासऱ्याची लोकांत फजिती होऊ नये, म्हणून हा दीडशहाणा मला दुरुस्त करायला बसला. बारीक तारेने त्याने माझी खिटी मागे आवळून टाकली. आता एकही ठोका चुकणार नव्हता.

टर्नर मला तपासायचं सोडून बढाया मारण्यात गुंतला होता. त्याने चाक फिरवलं. ठोक्यावर ठोका, उसंत म्हणून नाही. लोक टाळ्या वाजवू लागले. टर्नरला मात्र माझा बेफाम वाढणारा वेग ऐकू आला. इंधन बंद करायला त्याने हात घातला, तोवर माझा कनेक्टिंग रॉड, चाकांना जोर पोचवणारा दांडा, मोडून बाहेर आला होता.

"मी नीट करायला गेलो," जावई पुटपुटला.

"आधी विचारायचं होतं."

"विचारलं होतं."

त्या दोन शब्दांचा सूड म्हातारा आजवर उगवतोय.

मी आता बाहेरच्या खोलीत फळीवर असतो. तो मला रोज पुसतो, तेल देतो. येणारे म्हणतात, काय जीव आहे हो इंजिनावर! डोंबलाचा जीव. जावई यायचा असला की हा माझी मोडकी बाजू दाराकडे वळवून ठेवतो.

मागच्या खेपेला लेकीने विचारलं, "बाबा, नवा रॉड करायला किती वेळ लागेल?"

"एक दुपार."

"मग करा ना."

त्याने मला आणखी थोडं वळवलं, जावयाच्या खुर्चीच्या अगदी समोर. लेक उठली, पर्स घेतली. "करून झाला की बोलवा. तोवर आम्ही येत नाही."

त्याने अजून बोलावलेलं नाही. लेकीची आई दाराकडे पाहत बसते.

मित्रांनो, यंत्रांना तेलपाणी करा, गंज चढू देऊ नका, हे दुसरं कुणीही सांगेल. मी एवढंच सांगतो. भांडायचं असेल तर स्वतःच्या तोंडाने भांडा. माझं मोडकं अंग पुढे करून भांडू नका. मला चालायचं होतं.