झाकणावरचा लाल ठिपका

एका बाटलीत हातगुणे बाबाला काय सुटत होतं, ते आधीच सांगून टाकू. सुट्या भागांच्या दुकानातून तेल आणायचं, लेबल सोलायचं, भाव चौपट. शिवाय टॅक्सीतळावरच्या एकोणीस ड्रायव्हरांचे नमस्कार, ते वर. पूर्वी तो त्याच दुकानात काउंटरमागे उभा असायचा, तेव्हा त्याला कुणी ‘अहो’सुद्धा म्हणत नव्हतं.

आता सकाळी तळावर ही गर्दी! बाबा स्टेअरिंगवर हात ठेवायचा, डोळे मिटायचा. “रुसलीये. कुणीतरी हिला टाकून बोललंय.” ड्रायव्हर ओशाळायचा. जुन्या गाडीला शिव्या न देणारा ड्रायव्हर अजून जन्माला यायचाय. मग बॉनेट उघडून पॉवर स्टेअरिंगच्या तेलाच्या डबीत बाटली रिती व्हायची आणि डबीच्या झाकणावरच्या अक्षरांवर लाल रंगाचा जाड ठिपका बसायचा. “चाळीस दिवस उघडायचं नाही. शंकेनं गुण जातो.”

आणि गुण यायचा, हीच तर गंमत! दोन-तीन दिवसांत तेलाची गळती बंद, वळताना येणारं रडगाणं बंद.

तळावरच्या लंबूनं बाटली ओतून घेतली, तेव्हा त्याची मेहुणी घरी आली होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची.

“भावोजी, डोळे मिटून गाडी चालवता का?”

“नाही बुवा.”

“मग डोळे मिटून तेल कसं ओतू देता?”

“तुझं पुस्तक राहू दे. गळती थांबली की नाही, तेवढं बोल.”

लंबूची बायको मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती. पायडल चालूच होतं.

मेहुणीनं फळीवरचं जुनं रबरी सील घेतलं, कापून दोन तुकडे केले. एक पॉवर स्टेअरिंगच्या खऱ्या तेलात, दुसरा बाबाच्या बाटलीतल्या उरल्यासुरल्या तेलात. दोन पेले खिडकीत ठेवले. तिसऱ्या दिवशी बाबाच्या पेल्यातला तुकडा टम्म फुगला.

“बघ! अंगी लागलं!” लंबूनं टाळी पिटली.

“सूज आणि बाळसं यातला फरक कळतो का भावोजी? गाडी बाहेर काढू नका.”

काढली. अकराव्या दिवशी बायकोला शेजारी बसवून तो गणवेशांचा गठ्ठा पोचवायला निघाला. गोदामाच्या वळणावर स्टेअरिंग दगड झालं. गाडी वळलीच नाही. भिंत बायकोच्या बाजूला होती.

दुसऱ्या सकाळी मेहुणी दोन्ही पेले आणि लंबूच्या गाडीचं झाकण घेऊन तळावर आली.

“श्रद्धा उणी पडली,” बाबा म्हणाला. “घरातच शंका होती.” चार माना डोलल्याही.

“असेल. हे जरा चिमटीत धरा.” तिनं फुगलेला तुकडा त्याच्यापुढे केला. बाबानं दाबला आणि बोटांना काळा चिखल लागला. दुसऱ्या पेल्यातला तुकडा जसाच्या तसा. मग तिनं किल्लीनं लाल ठिपका खरवडला. खाली छापलेलं होतं: फक्त पॉवर स्टेअरिंग ऑइल.

“मग आमच्या डबीत काय आहे?” एकानं विचारलं.

“ब्रेक ऑइल. दुकानात विचारून आलेय. ते ब्रेकमध्येच शोभतं. इथलं रबर ते पितं, फुगतं, म्हणून गळती थांबते. मग कुजतं, तेल वाहून जातं, पंप कोरडा पडतो, स्टेअरिंग दगड होतं. चमत्कार दिसला ना, की हात जोडण्याआधी झाकण खरवडत जा. बहुतेक वेळा खाली लिहिलेलं असतं.”

अठरा बॉनेटं एकदम उघडली.

आता हिशेब. बाबाला दोन थपडा बसल्या आणि एक चप्पल तळावरच राहिली. तो हल्ली दुसऱ्या गावात डोळ्यांत घालायचे थेंब देतो म्हणतात. अठरा जणांनी पंप आणि सील बदलले. लंबूच्या कपाळावर तीन टाके. बायकोचा डावा पाय गुडघ्याखाली कापला. मशीन खिडकीपाशीच आहे, वर अर्धा गणवेश तसाच.

बाटली ओतावी की नाही, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.